चादरीचं दुसरं टोक

३ तारीख, मंगळवार

माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलेल्या मला माझी नात आज म्हणाली, "आजी, श्वास जरा हळू घे." बोलू नकोस म्हणाली असती तर एक वेळ ऐकलं असतं. श्वास हळू घे! या वयात श्वास येतोय तो येऊ द्यायचा, की आता त्याच्या आवाजाचीही काळजी घ्यायची?

असो. नमस्कार, वही. मुलाला ऑफिसात फुकट मिळालेली ही डायरी कपाटात धूळ खात होती. मी शिकले चौथीपर्यंत. माझं अक्षर वाचायच्या भानगडीत कोणी पडणार नाही, हे एक बरं आहे. मनातलं कुठेतरी ओकायला हवं. शेजारणीच्या कानात ओकलं की ते जिन्यात सांडतं.

नात सिनेमा शिकते. शेवटचं वर्ष आहे. तिचे आईबाप बदलीच्या गावी, कॉलेज माझ्या घराजवळ, म्हणून माझ्याकडे राहते. तिनं आणि तिच्या वर्गातल्या एका झिपऱ्यानं मिळून सिनेमा काढलाय. लॉजमधल्या खोल्या आवरणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे. झिपऱ्या दिग्दर्शक, आवाज आणि संगीत नातीकडे. आता त्याचा ट्रेलर करायचाय. ट्रेलर म्हणजे दोन मिनिटांची जाहिरात. महिनाअखेरीला वर्गातल्या सगळ्यांचे ट्रेलर मोठ्या हॉलमध्ये लागणार, बाहेरची जाणती माणसं बघणार, आणि पसंत पडतील तेवढेच सिनेमे लोकांना दाखवणार. बाकीचे कॉलेजच्या कपाटात. म्हणजे पोरीचं वर्षभराचं काम या दोन मिनिटांवर टांगलंय.

आज ती मशीन घेऊन खोलीखोलीतून हिंडत होती आणि सगळ्यांना गप्प करत होती. सगळ्यांना म्हणजे मला. मी म्हटलं, "आवाजच नाही तर भरतेस काय त्यात?"

"शांतता भरते."

मी म्हटलं, चला, कॉलेजची फी कुठे जाते ते एकदाचं कळलं. तर तिनं कानाला लावायचं ते माझ्या डोक्यावर चढवलं. आणि वही, खोटं कशाला सांगू, स्वयंपाकघराची शांतता वेगळी आहे आणि माझ्या खोलीची वेगळी. स्वयंपाकघरात फ्रीज घोरतो आणि नळ मधूनच घोट गिळतो. माझ्या खोलीत घड्याळ आहे आणि कपाटाचं लाकूड कुरकुरतं. नात म्हणाली, पडद्यावर दोन वाक्यांच्या मध्ये खोलीची शांतता घातली नाही तर माणसं बरणीत बसून बोलल्यासारखी वाटतात. आणि म्हणाली, "तुझ्या खोलीत एका माणसाची शांतता आहे."

मी म्हटलं, "मग काय पलटण असणार?"

५ तारीख, गुरुवार

आज चादरींची पाळी. खाली आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे पूर्वी आमची लाँड्री होती. लॉजच्या, दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. त्यामुळे चादरीचा आवाज हवा म्हटल्यावर मी मिशा नसताना मिशीवर ताव दिला. चांगली जाड सुती चादर काढली आणि झटकली. नातीनं डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "आजी, खरा आहे, पण खोटा वाटतो."

असं तोंडावर कोणी सांगितलं की मला राग येतो. पण तिनं आजोबांची जुनी छत्री आणली, तिचं कापड काड्यांवरून सोडवलं, पाण्याचा हात फिरवला, आणि माईकजवळ एकच झटका दिला. मी उठून उभी राहिले. आमच्या गच्चीवरची सकाळ होती ती, तशीच्या तशी! तो आवाज मी आयुष्यभर ऐकला, आणि तो छत्रीत राहतो हे दाखवलं या पोरीनं.

मग माझ्या सपाता हातांत घालून ती ट्रेवर चालली. जिना चढतानाचा आवाज हलका, उतरतानाचा जड. मी म्हटलं, उलट नाही का? तर म्हणाली, "दमलेलं माणूस चढताना पाय उचलतं आणि उतरताना टाकतं. तुला रोज बघते ना."

नंतर चादरी परत घडी करायच्या होत्या. मोठी चादर एकट्या माणसाच्या घडीत येत नाही. मी एका बाजूची टोकं कपाटाच्या दारात अडकवते, दार लावून घेते, आणि दुसरी टोकं ताणून चालत जाते. नात म्हणाली, "मी धरू का?" म्हटलं, नको, तुझ्या हातात मशीन आहे. कपाट बरं. कपाट वाकडं धरत नाही आणि उलट बोलत नाही.

८ तारीख, रविवार

नातीनं आज भिंतीपासून दारापर्यंत कागदाची पट्टी अंथरली आणि तिच्यावर एक लांब रेघ ओढली. ती रेघ म्हणजे दोन मिनिटं. तिच्यावर तांबड्या खुणा चादरीच्या, काळ्या पावलांच्या, हिरव्या बोलण्याच्या. पोर जमिनीवर पालथी पडून एकेक खूण बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत होती. ब्लाउज बेतणारी शिंपीणही इतकी जपून खडू मारत नाही. मी तिला ओलांडून चहाला गेले, आणि परतले तरी ती त्याच खुणेवर.

झिपऱ्या आला. गुणी मुलगा आहे, केस सोडले तर. त्याला सुरुवातीलाच ढोलांचा दणदणाट हवा होता. "लोक हलले पाहिजेत!"

नात म्हणाली, "हलतील. उठून बाहेर जातील."

"मग काय, शांतता देणार त्यांना?"

"आधी आवाज देणार, चित्र मागून. पडदा काळा असताना पावलं येतील. माणूस दारात पोचायच्या आधी त्याची चप्पल पोचते की नाही? तसं."

झिपऱ्या पट्टीकडे बघत बसला. मग केस मागे सारून म्हणाला, "बरं." तिनं आवाज चढवला नाही, ढोल मात्र गेले. माझ्या सासरी एवढी अक्कल कोणाला असती तर निम्मी भांडणं वाचली असती. त्यात मी आलेच.

पट्टीवर मधेमधे निळ्या खुणा आहेत. तिथे बासरी यायची आहे. बासरीवाला पुढच्या आठवड्यात येणार. तोवर नातीनं तिथे दुसरंच काहीतरी ठेवलंय, जागा धरायला. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतो ना, तसं म्हणाली.

१० तारीख, मंगळवार

रुमाल म्हणजे मी आहे.

आज ट्रेलर कच्चा लावून दाखवला. पावलं आली, चादर झटकली, आणि मागून कोणी बाई नाकातून गुणगुणायला लागली. मी म्हटलं, "ही कोण रेडकासारखी हंबरते?"

"तूच."

"मी गात नाही."

"गात नाहीस. चादर घडी करताना गुणगुणतेस. मशीन चालू राहिलं होतं."

मी साफ नाकारलं. मग तिनं पुन्हा लावलं आणि मागे माझ्या कपाटाचं दार कुरकुरलं. कपाटानं साक्ष दिल्यावर बोलणार काय?

गंमत अशी झालीय की झिपऱ्याला आता दुसरं काही नकोच. म्हणतो, हाच आवाज ठेवू. नात डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, आमच्या धंद्यातली ही जुनी चूक आहे. जागा धरायला ठेवलेल्यावरच जीव जडतो, मग खरं संगीत आलं तरी परकं वाटतं. मीही केली, म्हणाली. मला तिचं हे आवडतं. स्वतःची चूक ती दुसऱ्याची असल्यासारखी उलटीसुलटी करून बघते, रडत बसत नाही.

मग विचारलं, "आजी, तू मधे थांबतेस का?"

"दम लागतो."

"एकेरी चादरीला थोडं थांबतेस, डबलला जास्त."

"डबल चादर जड असते, जास्त दम लागतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. हिच्यासमोर बोलायची सोय राहिली नाही. काय ऐकेल सांगता येत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

बासरीवाला आला. बारीक, लाजरा, बूट दाराबाहेर सरळ रेषेत ठेवणारा. वाजवतो चांगलं. नातीनं त्याला माझं गुणगुणणं ऐकवलं आणि विचारलं, याच्याबरोबर काही करता येईल का?

तो म्हणाला, "आजी थांबतात तिथे मी भरतो."

आणि भरलं. मी थांबले की बासरी आत शिरायची. सूर गोड होता. झिपऱ्याची मान डोलत होती. आणि मी काय करावं? मी ओरडले, "त्या जागेत शिरू नकोस! रिकामी दिसली म्हणून कोणीही येऊन बसायचं का?"

पोरानं बासरी मांडीवर ठेवली. नात तेवढी मशीनकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

सकाळपासून पित्त झालं होतं. त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, वर आणखी बिस्किटं दिली. जाताना बूट घालता घालता म्हणाला, "आजी, माझं चुकलं का?" म्हटलं, नाही रे, माझं पित्त.

१४ तारीख, शनिवार

काही नाही. सगळ्या चादरी काढून परत घडी केल्या. तोंड मिटून.

१६ तारीख, सोमवार

नातीच्या कॉलेजातल्या बाईंनी कच्चा ट्रेलर ऐकला. म्हणाल्या, चाल कोणाची? ज्याची असेल त्याची परवानगी त्याच्याच तोंडून भरून आणा, नाहीतर हॉलमध्ये लागणार नाही.

नात म्हणाली, हातचा मळ आहे, आजी. माईकसमोर बस आणि म्हण, ही चाल माझी आहे आणि ती वापरायला माझी परवानगी आहे. संपलं.

बसले. लाल दिवा लागला. म्हटलं, "ही चाल," आणि पुढे जीभ हलेना. पाणी प्याले. परत, "ही चाल." नातीनं दिवा बंद केला. विचारलंसुद्धा नाही. मशीन गुंडाळून ठेवलं आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. ती विचारत नाही म्हणूनच माणूस सांगतं.

मी सांगितलं, अर्धीच माझी आहे. अर्धी धाकटीची.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. चादर घडायला दोघी लागतात. गच्चीच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती. मी गुणगुणत पुढे जाऊन माझी टोकं तिच्या हातात द्यायची, तिथे माझा तुकडा संपायचा. मग खाली लोंबणारी घडी उचलून मी मागे येईपर्यंत तिचा तुकडा. शब्द नव्हते. कोणी शिकवली नाही, कोणी बसवली नाही. बोलायला सासूबाईंची बंदी होती, तर आम्ही हे काढलं.

मग दोघा भावांनी धंदा वेगळा करायचं ठरवलं. ती निघाली त्या दिवशी टेंपो खाली उभा होता. मी थोरली. निरोप घ्यायला तिनं वर यायला हवं होतं. ती म्हणे खाली वाट बघत होती. ती जिना चढली नाही, मी उतरले नाही. भाऊ-भाऊ पुढच्याच महिन्यात एकत्र चहा पीत होते. आता ते दोघे नाहीत. आम्ही आहोत.

नात म्हणाली, "मग धाकट्या आजीला फोन करू. बाबांकडे नंबर आहे."

"तुझ्या बाबाकडे? कधीपासून?"

"पहिल्यापासून. दर रविवारी बोलतात."

वा! म्हणजे फितूर मीच पोसला, मीच शिकवला, आणि मीच त्याचं लग्न लावलं.

म्हटलं, फोनबिन काही करायचा नाही. तिला गरज असेल तर ती करेल. नात म्हणाली, "तिला कशाला गरज असेल? ट्रेलर आपला आहे." मी म्हटलं, ते मला सांगू नकोस.

१८ तारीख, बुधवार

तिनं मला काढून टाकलं.

रुसली नाही, विनवलं नाही, भांडी आपटली नाहीत. माझा आवाज पट्टीवरून पुसला आणि बासरीवाल्याकडून नवी धून भरून घेतली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. झिपऱ्या म्हणत होता, "अगं, कोणाला कळणार आहे? आजी काय केस करणार?"

तर ही म्हणाली, "ज्याचं आहे त्यानं दिलं नाही, तर ते आपलं नाही." आणि उठून पाणी प्यायला गेली. 

मग मला ऐकवलं. चांगलं होतं. कडक इस्त्री केलेल्या शर्टासारखं होतं, आत माणूस नसलेल्या. तिलाही कळत होतं. बाई काय म्हणाल्या विचारलं तर म्हणाली, "स्वच्छ आहे म्हणाल्या."

वर्षभर त्या लॉजच्या जिन्यांवरून मशीन उचलून फिरली ही पोर. एका पावसाळी दिवशी खिडकीवरचं पाणी हवं म्हणून अख्खी भिजून आली होती. आणि तिच्या सिनेमाला आता "स्वच्छ" म्हणून कपाटात ठेवणार. का, तर दोन म्हाताऱ्यांना जिना जड झाला.

मला हा विचार फार वेळ सहन होईना. दुपारची झोपही झाली नाही. संध्याकाळी म्हटलं, "उद्या मशीन घेऊन तिच्याकडे जा. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस."

नात म्हणाली, "आणि काय सांगू?"

"काही सांगू नकोस. माझं ते हंबरणं ऐकव."

२० तारीख, शुक्रवार

काल गेली, आज परत आली. कपडेसुद्धा बदलू न देता मी तिला मशीन लावायला सांगितलं. धाकटीला कशी आहे वगैरे विचारलं नाही. जे आहे ते मशीनमध्ये असेल.

आधी माझंच गुणगुणणं, तिच्या खोलीत वाजलेलं. मग धाकटी. आवाज सुकलाय, पण ठसका तोच.

"अजून पुढे धावते. तिसऱ्या वळणाला कधी थांबली असेल तर शपथ."

मग नात विचारते, धाकटी आजी, ही चाल वापरायला तुझी परवानगी आहे का?

"माझी चाल म्हणून सांगू? अर्धी तिची आहे. चोरीचा माल मी घेत नाही. तिला विचार."

"तीही हेच म्हणते."

"म्हणणारच. मीच शिकवलंय तिला."

बघा! हिनं मला शिकवलं! मी मशीनला उत्तर देणार होते, पण तेवढ्यात धाकटीनं विचारलं, "चादरीचं दुसरं टोक कोण धरतं आता?"

"कपाटाचं दार."

यानंतर मशीनमध्ये काही नाही. मी म्हटलं, बिघडलं वाटतं. नात म्हणाली, "नाही. ऐक." आणि आवाज वाढवला.

ऐकलं. घड्याळ होतं. पाणी भरलेल्या बादलीत थेंब पडत होता. लांब कुठेतरी रस्ता. खुर्ची नाही सरकली, दुसरं माणूस नाही खोकलं, आतून भांडं नाही वाजलं. या महिन्यात एवढं तरी शिकलेय मी. तिच्या खोलीतही एका माणसाची शांतता आहे. मला वाटत होतं तिचा मुलगा-सून असतात तिच्याजवळ. माझ्या मुलानं इतक्या रविवारांत मला सांगितलं नाही. मी विचारलं तरी कुठे.

शेवटी धाकटीचा आवाज आला, "कपाट! कपाट उलट बोलत नाही म्हणाली असेल." आणि हसली. मग म्हणाली, मशीनला मी उत्तर देणार नाही, गायचंच असेल तर चादर लागेल आणि समोर माणूस लागेल. रविवारी येते. पण जिना कोणी चढायचा ते तिला विचारून ठेव.

ते मी परत परत लावायला सांगितलं. मशीन नीट चालतंय का बघायला.

२२ तारीख, रविवार

जिना मी उतरले. गुडघा दुखतो म्हणून कठड्याला धरून, एकेक पायरी. तर वळणावर समोरून धाकटी चढत येतेय, मागे तिची पिशवी पाठीवर घेतलेला बासरीवाला. तो बसस्टॉपवर गेला होता, कोणी न सांगता.

ती म्हणाली, "जाऊबाई, मी वर येतेय."

म्हटलं, "मी खाली येतेय."

"मग जाऊ द्या मला."

"मला आधी जाऊ दे."

वळण अरुंद, दोघी जाड. कोणी मागे हटेना. शेवटी बासरीवाला म्हणाला, "आजी, पिशवी जड आहे हो," तेव्हा मी वळले. एक गोष्ट मात्र मी पाहिली. ती माझ्यापेक्षा सरळ चढते. या वयात, दोन बस बदलून. कौतुक तिला सांगितलं नाही. इथे लिहिलंय, पुरे.

झिपऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. नात माईकजवळ. डबल चादर काढली. पहिल्या खेपेला धाकटीनं वाकडं धरलं. मी म्हटलं, "किनार बघ." ती म्हणाली, "किनार सरळच आहे, तुम्ही वाकड्या उभ्या आहात." नात म्हणाली, "थांबा, हेही भरलंय मी." दोघींनी मुकाट किनार जुळवली.

मग जमलं. मी माझा तुकडा म्हणत पुढे गेले, टोकं तिच्या हातात दिली, आणि थांबले. खाली वाकून घडी उचलली. आणि ती आली. आवाजाची सुतळी झालीय, पण जागेवर पाऊल तेच. खालचा सूर असा धरला की माझं इतक्या वर्षांचं हंबरणं गाण्यात जमा झालं. मी मागे येऊन पोचले आणि तिचा तुकडाही तिथेच संपला. कपाटाला हे कुठे जमतं!

झिपऱ्यानं केसांत तोंड लपवलं. सर्दी म्हणाला.

मग दोघींनी माईकसमोर सांगितलं: अर्धी माझी, अर्धी हिची, परवानगी आहे. धाकटीनं वर जोडलं, "पण तिसऱ्या वळणाला ती धावते, त्याची जबाबदारी माझी नाही."

२४ तारीख, मंगळवार

आता नवीनच. झिपऱ्या भांडून गेला. नातीनं धाकटीचा तुकडा ट्रेलरमध्ये घेतलाच नाही! मी तुकडा म्हणते, थांबते, पडदा काळा होतो, आणि संपलं.

"एवढं सोनं हाती आलं आणि तू ते गाडून ठेवणार?" झिपऱ्या म्हणाला.

नात शांतपणे म्हणाली, "ट्रेलरनं विचारायचं. सांगायचं सिनेमानं. लोकांना ती जागा घरी घेऊन जाऊ दे. उत्तर हवं असेल तर येतील."

मलाही राग आला होता. धाकटी दोन बस बदलून आली ती काय काळ्या पडद्यासाठी? पण पोरीनं सगळं पहिल्यापासून लावलं आणि मी ऐकलं. मी थांबल्यावर तिथे नुसती पोकळी नाही. तिथे तिनं माझ्या खोलीची शांतता घातलीय, त्या पहिल्या मंगळवारी भरलेली. घड्याळ आहे, कपाट कुरकुरतंय. कोणीतरी आता बोलेल असं वाटत राहतं. बघणारा खुर्चीत पुढे सरकतो. मी सरकले.

धाकटी रविवारपासून इथेच आहे. बस नाहीत म्हणे. बस आहेत, मी विचारलंय. तिनं ट्रेलर बघितला आणि म्हणाली, "बरोबर आहे. मला थोडं थांबवूनच बोलवावं." फुशारकी बघा. पण मग उठून नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिचा कान कोणावर गेला हो, जाऊबाई?" मी म्हटलं, कोणावर नाही. स्वतःचा आहे.

२९ तारीख, रविवार

हॉल. मऊ खुर्च्या, कडक एसी. पोरांचे ट्रेलर एकापाठोपाठ एक लागले. प्रत्येकात तोच दणका. माझ्या कवळीला हादरे बसले. धाकटी म्हणाली, सगळ्यांनी एकच ढोल भाड्यानं आणलाय का?

मग आपला. पडदा काळा, आणि काळोखातून पावलं. जिना चढणारी हलकी, उतरणारी जड. माझ्या सपाता! मागच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. छत्री झटकली, पडद्यावर चादर उघडली. मग मी. एवढ्या मोठ्या हॉलभर मी. तोंड लपवायला पदर शोधत होते, पण कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे समोर.

मी थांबले. पडदा काळा झाला. माझं घड्याळ, माझं कपाट. आख्खा हॉल गप्प, खोकलासुद्धा नाही.

आणि शेजारी धाकटीनं श्वास घेतला. तो श्वास मी ओळखते. उत्तर द्यायला निघाली होती! मी तिचा गुडघा दाबला. म्हटलं, "इथे नाही. सिनेमात." तिनं तोंड मिटलं, पण माझा हात धरून ठेवला, शेवटपर्यंत. हाडं मोडतील इतका.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी सगळ्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला. बाहेरून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून विचारलं, "आवाज कोणी केलाय?" आणि माझी नात उभी राहिली. गबाळी, केस न विंचरलेली, सरळ. पसंत पडला. पहिल्यांदा आपलाच सिनेमा दाखवणार. बाई म्हणाल्या, "स्वच्छ नाही राहिला, छान झालं."

मी रडले नाही. एसी फार होता.

३१ तारीख, मंगळवार

धाकटी काल गेली. पुढच्या महिन्यात सिनेमाला येणार, तोवर तिचं घर तिला हवं, माझं मला. दोघींची टोकं ताणलेली असली तरच चादर सरळ राहते. निरोपाला मी खाली गेले. तीही लगेच बसली नाही, एक बस सोडली.

पण एक नवी डोकेदुखी झालीय. कॉलेजातली पोरं माझा तुकडा गुणगुणत हिंडतात. झिपऱ्या जिना चढताना गुणगुणतो आणि नेमका माझ्या जागेवर थांबतो. आज सकाळी तो असाच थांबला आणि खालून बासरीवाल्यानं, गमतीत का होईना, पुढचं उत्तर वाजवलं. गोड वाजवलं. तरी मी कठड्यावरून वाकून दोघांना झापलं, आणि पुन्हा घोळ नको म्हणून इथेही लिहून ठेवते.

विचारायचं त्यानं खुशाल विचारावं. माझा तुकडा मी वाटून टाकलाय. पण मी थांबले की मधे कोणी शिरायचं नाही, बासरीनं नाही, कपाटानं नाही. उत्तर धाकटीच देणार.

लावा तिला फोन.